बावन्न सालची मोटार आणि तिची तपासणी

आमच्या घरांत एक वस्तु अशी आहे कीं तिच्यापुढें काका-काकू सोडून बाकी सर्व माणसें वयानें धाकटीं ठरतात. ती वस्तु म्हणजे आमच्या आजोबांची मॉरिस मायनर मोटार. आजोबा १९५१ सालीं यांत्रिक कामाच्या शिक्षणासाठीं इंग्लंडास गेले होते. १९५३ च्या आरंभीं परत येतांना त्यांनीं ही चार दारांची लहानशी मोटार आपल्याबरोबर बोटीनें मुंबईस आणली. काका त्या वेळीं अकरा-बारा वर्षांचे होते. बोर घाट चढतांना रेडिएटरांत तीनदां पाणी घालावें लागलें आणि तिसऱ्या खेपेस तें पाणी पिण्याच्या फिरकीच्या तांब्यांतलें होतें, ही कथा घरांतल्या प्रत्येक मुलास पाढ्यांच्या आधीं पाठ होते. पुढें नारायण पेठेंतला वाडा गेला, त्या जागीं इमारत उभी राहिली, तुळशीवृंदावन गच्चीवर गेलें. परंतु मोटार राहिली. इमारतीच्या तळघरांत तिची जागा खांबाजवळ ठरलेली आहे, आणि तेथें दुसऱ्या कोणाची स्कूटर लागली तर काकूंच्या तोंडून जे शब्द निघतात ते येथें छापण्यासारखे नाहींत.

अशा जुन्या विलायती मोटारी पुण्यांतील अनेक घरांतून आहेत, आणि त्या बहुतेक एका ठराविक काळांतल्याच कां, याचें कारण पुष्कळांस ठाऊक नसतें. १९२८ पासून जनरल मोटर्सचा मुंबईस शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना होता. फोर्ड कंपनीही या देशांत धंदा करीत होती. १९५३ सालीं जकातमंडळाच्या शिफारशीवरून सरकारनें असें धोरण ठरविलें कीं ज्यांना या देशांत मोटार खरोखर बनवावयाची असेल त्यांनींच राहावें. बाहेरून भाग आणून नुसते जोडणाऱ्यांनीं गाशा गुंडाळावा. परदेशी कंपन्या गेल्या आणि विलायती मोटारीचा दरवाजा मध्यमवर्गापुरता तरी पुढील चार दशकें बंद झाला. आजोबांची मोटार त्या दरवाजांतून अगदीं शेवटीं शेवटीं आंत आलेली.

मायनरविषयीं दोन शब्द. ऍलेक इसिगोनिस नांवाच्या ज्या अभियंत्यानें ती आंखली त्यानेंच पुढें १९५९ सालीं मिनी ही जगप्रसिद्ध लहान मोटार काढली. मायनर १९४८ पासून १९७१ पर्यंत बनत होती व तिच्या सोळा लाखांहून अधिक प्रति निघाल्या. आमच्या मोटारीचें यंत्र ८०३ घनसेंटिमीटरचें, शक्ति तीस घोड्यांची. वळतांना दिवा लुकलुकत नाहीं. दारांच्या मधल्या खांबांतून एक वीतभर लांबीचा नारिंगी हात बाहेर येतो. रस्त्यावरचे दुचाकीवाले त्या हाताकडे इतक्या कौतुकानें पाहतात कीं वळावयाचें कोणीकडे आहे तें मात्र त्यांच्या ध्यानांत येत नाहीं, म्हणून आम्ही खिडकींतून खराही हात काढतों.

आतां मूळ विषयाकडे येतों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें खासगी मोटारीच्या नोंदणीस पंधरा वर्षांची मुदत घातली. ती संपल्यावर दर पांच वर्षांनीं पंचवीस क्रमांकाचा नमुना भरून, गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवून, ती रस्त्यावर चालण्यास योग्य आहे असें निरीक्षकाकडून ठरवून घ्यावें लागतें. लोकभाषेंत यास ‘पासिंग’ म्हणतात. २०२० सालीं आम्हीं या कामाचे पांच हजार रुपये भरले होते. परदेशी बनावटीच्या मोटारीला तेव्हां तेवढी फी होती, आणि देशी मोटारीला सहाशें. १ एप्रिल २०२२ पासून देशी मोटारीचे पांच हजार व परदेशी मोटारीचे चाळीस हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्यें नवा नियम निघाला कीं वीस वर्षांवरील गाडीला याच्याही दुप्पट: देशीला दहा हजार, परदेशीला ऐंशीं हजार. आमची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्यें संपत होती. म्हणजे पांच वर्षांत पांच हजारांचे ऐंशीं हजार झाले. हा आंकडा माझ्या पुतणीनें रात्रीच्या जेवणाच्या वेळीं वाचून दाखविला तेव्हां पंक्तींत कांहीं काळ फक्त ताकाच्या भुरक्यांचा आवाज होता.

दुसरी एक वाट होती. २०२१ च्या जुलैमध्यें केंद्र सरकारनें पुरातन मोटारींसाठीं निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें होऊन गेलेली, धंद्यासाठीं न वापरलेली, आणि सांगाडा, शरीर व यंत्र यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गांत नोंदतां येते. नव्यानें नोंदणी होणाऱ्या गाडीला ‘व्ही ए’ हीं अक्षरें असलेला क्रमांक मिळतो. आधींच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक राखतां येतो. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें, आणि पुढील खेपेस पांच हजार. म्हणजे एका वाटेनें वर्षास सोळा हजार पडतात तर दुसऱ्या वाटेनें दोन हजार. हिशेबी माणसास विचार करण्याचें कारण उरूं नये.

परंतु त्या नियमांत एक मेख आहे. पुरातन म्हणून नोंदलेली मोटार नेहमींच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, आणि तेल भरणें किंवा दुरुस्ती करणें एवढ्याच कारणांनीं तिनें बाहेर पडावयाचें. आमचें कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. १९५३ पासून, मध्यंतरींचीं सुतकाचीं व आजारपणाचीं वर्षें वगळतां, चंपाषष्ठीला ही मोटार दिवे घाटानें जेजुरीस जाते. देवदर्शन हें प्रदर्शन कीं तांत्रिक संशोधन, असा प्रश्न माझ्या धाकट्या भावानें विचारला. तो विनोद होता. काका हंसले नाहींत.

दोन दिवसांनीं दिवाणखान्यांत बैठक भरली. धाकट्या भावाचें म्हणणें होतें कीं मोटारीला ‘पुरातन’ करून टाकावी, जेजुरीस घरांतल्या दुसऱ्या गाडीनें जावें आणि उरलेल्या पैशांत गच्चीची गळती काढावी. वहिनींचा कल तिकडेच होता, आणि खरें सांगावयाचें तर माझाही. काकांनीं सर्वांचें ऐकून घेतलें. मग म्हणाले, “अरे, दहा वर्षांची नोंदणी घेऊन मीं काय करूं? मला चौऱ्यायशीं झालीं. मला पांच पुरेत. पण त्या पांचांत ती जेजुरीस गेली पाहिजे. पैसे माझ्या निवृत्तिवेतनांतून देईन, तुम्ही गच्ची पाहा.” यानंतर चर्चा फारशी चालली नाहीं.

तरीही एक मोह पडलाच. हिंदुस्थान मोटर्स या कंपनीनें पन्नाशीच्या प्रारंभीं हीच मायनर ‘बेबी हिंदुस्थान’ या नांवानें येथें विकली होती. भाग विलायतेचे, जोडणी उत्तरपाड्याची. नोंदणीच्या जुन्या पुस्तकांत नुसतें ‘मॉरिस’ असें लिहिलेलें. एका माहीतगारानें सुचविलें कीं ही बेबी हिंदुस्थानच होती असें म्हणावें, म्हणजे मोटार देशी होऊन सत्तर हजार रुपये वांचतील. विचारावयास कोण येणार आहे? गोष्ट खरी होती, कोणी येणार नव्हतें. पण आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेंत मुंबईच्या जकातखात्याचा आयातीचा कागद अजून आहे. घडीच्या रेषेवर तो फाटलेला आहे, पण अक्षर स्पष्ट आहे. काकांनीं तो कागद काढून अर्जाला लावावयाच्या कागदांत सर्वांत वर ठेवला, आणि माहीतगाराला चहा दिला.

मग मोटारीची तयारी सुरू झाली. आतां मागें वळून पाहतां असें वाटतें कीं मुलगी दाखवावयाची असतांना जुन्या काळीं जी तयारी करीत तीच आम्हीं केली. प्रकृति कशी आहे हें कोणीं पाहिलें नाहीं, साडी कोणती याचा खल केला. रंगाला चकाकी आणली, बंपर घासले, आसनांच्या शिवणी नीट केल्या. काळ्या पाटीवर पांढऱ्या आंकड्यांचा आजोबांचा क्रमांक जाऊन त्या जागीं सरकारी मुद्रेची नवी सुरक्षा-पाटी आली. जुनी पाटी काकांनीं देवघराच्या फळीमागें ठेवली. धुराची परीक्षा झाली. या वयाच्या पेट्रोल मोटारीच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांहून अधिक असूं नये असा नियम आहे. आमचा पहिला आंकडा वर गेला तेव्हां कार्ब्युरेटरच्या तळची चौकट-नटी थोडी फिरवून मिश्रण पातळ करतांच तो खालीं आला. आणखी एक गोष्ट येथें सांगून ठेवतों, कारण ती प्रत्येक जुन्या मोटारवाल्याच्या उपयोगाची आहे. आतांच्या पेट्रोलांत शेंकडा वीस इथेनॉल असतें, आणि जुन्या पद्धतीच्या रबराला तें मानवत नाहीं. नळ्या मऊ पडतात, चिरतात, आणि तापलेल्या यंत्रावर पेट्रोल ठिबकूं लागतें. आम्हीं पेट्रोलच्या सर्व नळ्या व पंपाचा पडदा बदलून घेतला. एवढें मात्र शहाणपणाचें केलें.

तपासणीचा दिवस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत होता. मी, काका आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत असलेली पुतणी, अशीं तिघें गेलों. मैदानावर गाड्यांची रांग होती, पण मोटारीभोंवतीं पांच मिनिटांत गर्दी जमली. लोक छायाचित्रें घेऊं लागले आणि काका वरासारखे बसून राहिले. निरीक्षक तरुण गृहस्थ होते. त्यांनीं चॅसिसच्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली व ठसा घेतला, यंत्राचा क्रमांक ताडून पाहिला, दिवे, भोंगा, कांचपुसणी पाहिली. नारिंगी हात बाहेर आला तेव्हां तेही हंसले. मग त्यांनीं मैदानावर एक फेरी मारली, ब्रेक दाबून पाहिला, आणि उतरल्यावर म्हणाले, “पुढचें चाक उचला.”

जॅक लावून डावें पुढचें चाक उचललें. त्यांनीं चाकाचा वरचा व खालचा कांठ दोन हातांनीं धरून आंत-बाहेर हलविला. मायनरचें दार मिटतांना जसा एक जाड, समाधानाचा आवाज होतो, तसा नव्हे. कुडाच्या दाराची कडी हलावी तसा ठक्-ठक् असा आवाज आला. त्यांनीं पुन्हां हलविलें, वाकून बॅटरीच्या उजेडांत पाहिलें, हात पुसले आणि कागदावर लिहिलें. “आजोबा, गाडी सुंदर आहे,” ते काकांस म्हणाले, “पण ही आज मी पास करणार नाहीं. आणि घरीं नेतांना हळू न्या. खरें म्हणजे टो करून न्या.”

काकांचा चेहरा मला अजून आठवतो. परततांना ते एक शब्द बोलले नाहींत. घरीं आल्यावर मात्र त्यांचा संताप उसळला: कालचा पोर, ज्यानें मायनरचें नांव ऐकलें नसेल, तो सत्तर वर्षें चाललेल्या मोटारीला नालायक ठरवितो! आमचे एक आप्त लंडनला असतात. त्यांना रात्रीं फोन झाला. त्यांनीं सांगितलें कीं इंग्लंडांत तर चाळीस वर्षांवरील मोटारीला २०१८ च्या मे महिन्यापासून तपासणीच माफ आहे. मग काय विचारतां! ज्या देशांत मोटार जन्मली त्या देशांत तिला माफी, आणि येथें तिचें चाक हलवून पाहतात!

इंग्लंडची ही माफी खरी आहे, पण तिच्यामागचा इतिहास काकांना त्या रात्रीं ऐकावयाचा नव्हता. तेथें मोटारींची सक्तीची तपासणी १९६० सालीं सुरू झाली, ती आरंभीं दहा वर्षांवरील गाड्यांपुरती. थोड्याच काळांत ती सात वर्षांवरील गाड्यांस आणि १९६७ पासून तीन वर्षांवरील गाड्यांस लागू केली. जपानांत नव्या मोटारीची तीन वर्षांनीं आणि नंतर दर दोन वर्षांनीं परीक्षा होते, व ती इतकी खर्चाची असते कीं लोक त्यापेक्षां मोटारच बदलतात. जर्मनींत तीस वर्षांवरील जुन्या मोटारीला १९९७ पासून पाटीवर निराळें अक्षर मिळतें आणि करांत सवलत मिळते, पण दोन वर्षांनीं होणारी तपासणी सुटत नाहीं. इंग्लंडांतही माफी आहे ती कागदाची. मोटार धड ठेवण्याच्या जबाबदारीची नव्हे. बिघडलेली मोटार रस्त्यावर आणणें हा तेथें चाळीस वर्षांनंतरही गुन्हाच आहे.

दुसऱ्या दिवशीं मोटार दोराला बांधून एका वृद्ध मिस्त्रींच्या कारखान्यांत नेली. जुन्या विलायती गाड्यांचा असा जाणता आतां विरळा. त्यांनीं चाक काढलें, खालचा भाग रॉकेलनें धुतला आणि माझ्या पुतणीला जवळ बोलावून समजावून सांगितलें. तें मी येथें साध्या शब्दांत देतों, कारण सारी गोष्ट त्यावर आहे. मायनरच्या पुढच्या प्रत्येक चाकामागें एक उभा पोलादी पाय असतो. त्याच्या वरच्या व खालच्या टोकांस आटे पाडलेले असतात, आणि तीं टोकें ट्रनियन नांवाच्या दोन तुकड्यांत, बरणीचें झांकण बसावें तशीं, फिरवून बसविलेलीं असतात. चाक वळलें कीं पाय त्या आट्यांत किंचित् फिरतो. मोटारीच्या पुढच्या बाजूचा भार खालच्या आट्यांवर असतो. त्यांत वेळोवेळीं ग्रीस भरलें तर ते आटे चालकाहून अधिक काळ टिकतात. न भरलें तर चिखल व पाणी आंत जातें, आटे झिजून धारेसारखे पातळ होतात, आणि एके दिवशीं पाय ट्रनियनमधून उपटून निघतो. तसें झालें कीं चाक आडवें पडतें, मोटारीचें नाक जमिनीवर आदळतें आणि सुकाणूचा कांहीं उपयोग उरत नाहीं. बहुधा हें सावकाश वळण घेतांना घडतें, म्हणून पुष्कळ लोक वांचतात.

मिस्त्रींनीं आमचा डावा खालचा ट्रनियन हातानें ओढला. तो न फिरवितां निघून आला. आंत जे आटे होते त्यांतले दोन-तीनच धरून होते, बाकीच्यांची नुसती खूण राहिली होती. त्यांनीं तो तुकडा काकांच्या तळहातावर ठेवला. काका बराच वेळ त्याकडे पाहत होते. “गेल्या चंपाषष्ठीला पाठीमागें कोण बसलें होतें?” असें त्यांनीं मला विचारलें. मीं सांगितलें: काकू, वहिनी, आणि मधें धाकटीं दोन मुलें. परततांना दिवे घाट उतरतांना संध्याकाळ झाली होती.

घरीं येऊन काकांनीं मोटारीची किल्ली पुतणीच्या हातांत दिली आणि म्हणाले, “हें पुरें होईपर्यंत मी मागितली तरी देऊं नकोस.” तरुण निरीक्षकांविषयीं त्यानंतर त्यांच्या तोंडून वांकडा शब्द आला नाहीं.

हें झालें कसें, याची चौकशी करण्याचें कारणच नव्हतें. सर्वांना उत्तर ठाऊक होतें. काका स्वतः मोटार चालवीत तोंवर ठराविक मैल झाले कीं रविवारीं सकाळीं अंगांत जुना सदरा घालून, ग्रीसगन घेऊन ते मोटारीखालीं जात, आणि आम्हां मुलांना निपल पुसण्याचें काम असे. डोळ्यांमुळें दहा वर्षांपूर्वीं त्यांनीं चालविणें सोडलें. मला वाटलें कीं धाकटा भाऊ पाहत असेल. धाकट्याला वाटलें कीं मोटार धुवावयास नेतों तेथेंच ग्रीस भरतात. धुणाऱ्यांनीं दिसलीं तीं निपलें भरलीं असतील. हें खालचें चिखलानें लिंपलेलें होतें, तें त्यांना दिसलेंच नाहीं. एकत्र कुटुंबांत जें काम सर्वांचें म्हणून ठेवलेलें असतें त्याची अशी गति होते. काकूंनीं एवढेंच विचारलें कीं बंपर घासावयास चौघेजण होते, मग खालीं वाकावयास एकही कसा नव्हता? त्यांना कोणीं उत्तर दिलें नाहीं.

सुटे भाग इंग्लंडहून मागवावे लागले. हें एक मायनरचें भाग्य आहे. तिचे चाहते अजून इतके आहेत कीं तिचा बारीकसारीक भाग नव्यानें बनत असतो. बुधवारीं व रविवारीं जुन्या बाजारांत हिंडून मिस्त्रींनीं एक वापरलेला पायही शोधून आणला होता, पण आटे पाहून स्वतःच तो परत केला. भाग येईपर्यंत तीन आठवडे होते, तेवढ्यांत त्यांनीं ब्रेक उघडले. आणि तेथेंही पाहण्यासारखें होतें.

या मोटारीचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. पायाखालच्या फळीच्या तळाशीं, जेथें सहसा कोणी पाहत नाहीं, तेथें मास्टर सिलिंडर असतो; तेथून एकच नळी निघून चारी चाकांस जाते. आजच्या मोटारींत दोन निरनिराळ्या वाटा असतात, एक फुटली तरी दुसरीनें निम्मा ब्रेक राहतो. येथें एका जागीं रबर फाटलें कीं चारी चाकें मोकळीं होतात, आणि हातब्रेकवर देवाचें नांव घ्यावयाचें. शिवाय ब्रेकचें तेल हवेंतील पाणी शोषून घेतें. जुनें, पाणी मुरलेलें तेल घाट उतरतांना सतत ब्रेक दाबल्यानें उकळतें, नळींत वाफ धरते, आणि पायपट्टी जमिनीला टेकते. आमच्या सिलिंडरमधलें तेल काढ्यासारखें काळें झालें होतें. पूर्वीं कधीं तरी कोणा कारागिरानें ब्रेकच्या तेलाऐवजीं यंत्राचें साधें वंगण त्यांत घातलें असावें असा मिस्त्रींचा तर्क होता, कारण मागच्या चाकांचीं रबरें फुगून मऊ झालीं होतीं. खनिज तेल या रबराचा घात करतें. सर्व रबरें, लवचीक नळ्या व धातूच्या नळ्या नव्या घातल्या. आपल्यापैकीं पुष्कळांना वाटतें कीं मोटार हळू चालविली म्हणजे झालें. तें निम्में खरें आहे. वेग दुप्पट केला कीं थांबावयास चौपट अंतर लागतें, म्हणून तीसच्या वेगानें जाणारा साठवाल्याहून पुष्कळ सुरक्षित. पण ब्रेकच लागला नाहीं तर घाटांत तीसाचे साठ व्हावयास फार वेळ लागत नाहीं.

पुतणीनें एक सुधारणा सुचविली होती. पुढच्या चाकांना आधुनिक चकतीचे ब्रेक बसवावे, बाहेर पुष्कळ लोक बसवितात. मिस्त्रींनीं तें अमान्य केलें नाहीं. पण नोंदणीच्या पुस्तकांत नसलेला फेरफार परवानगीवांचून करतां येत नाहीं, आणि पुढें कोणाला या मोटारीची पुरातन म्हणून नोंदणी करावीशी वाटली तर मूळ रूप राखलेलें बरें, असें मला वाटलें. याविषयीं माझें मन अजून पूर्ण स्वच्छ नाहीं. मूळ रूप राखणें आणि माणसें राखणें यांत केव्हां तरी निवड करावी लागेल.

या निमित्तानें परदेशीं राहणाऱ्या दोघां आप्तांनीं विचारलें कीं आम्ही परत येतांना आमची जुनी मोटार आणूं कां? त्यांना मीं कळविलें तें येथेंही देतों. वापरलेली मोटार आणावयाची तर ती बनल्यास तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, सुकाणू उजवीकडे असावें, डाव्या बाजूनें चालणाऱ्या रहदारीस योग्य असे दिवे असावेत, आणि ती मुंबई बंदरांतूनच आली पाहिजे. तेथेंही सुटका नाहीं. तिची परीक्षा अहिल्यानगरची संरक्षणखात्याची वाहनसंस्था, मध्यप्रदेशांतील बुदनीची संस्था किंवा आपल्या पुण्याची ए.आर.ए.आय. यांपैकीं एकीकडे व्हावी लागते. १९६६ सालीं निघालेल्या ज्या संस्थेवरून वेताळ टेकडीच्या त्या बाजूला लोक सकाळीं फिरावयास जातांना ‘ए.आर.ए.आय. टेकडी’ म्हणतात, तीच ही. पन्नास वर्षांवरील गाडीचे नियम निराळे आहेत, पण जकातीचा आंकडा ऐकून दोघांनींही पुढें विचारलें नाहीं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत मोटार पुन्हां मैदानावर गेली. या वेळीं तिला कोणीं पॉलिश केलें नव्हतें; बंपरवर बोटांचे ठसे होते. तेच निरीक्षक होते. काका स्वतः उतरून त्यांच्याजवळ गेले, खिशांतून कागदांत गुंडाळलेला जुना ट्रनियन काढला आणि त्यांच्या हातांत दिला. ते त्याचे आटे बोटानें चाचपीत राहिले. मग त्यांनीं पुढचीं दोन्ही चाकें उचलावयास लावलीं. काकांनींच जॅकचा दांडा धरला. कोठें ठक् वाजलें नाहीं. ब्रेक लावतांच मोटार सरळ रेषेंत थांबली. डावा नारिंगी हात मात्र खांबांतच अडकून बसला आणि पुतणीला थाप मारून तो बाहेर काढावा लागला. एवढ्यावर त्यांनीं पांच वर्षें लिहून दिलीं.

चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला होती. सकाळीं सहाला निघालों. पुतणी चालवीत होती, काका शेजारीं, मागें काकू, वहिनी व मधें धाकटीं दोन. जेजुरीस भंडारा उधळून, वांग्याचें भरीत व रोडग्यांचा नैवेद्य दाखवून दुपारीं परत फिरलों. दिवे घाटाच्या माथ्यावर काकांनीं मोटार थांबवावयास सांगितली, उतरून चारी चाकांच्या तबकड्यांस हात लावून त्या तापल्या आहेत कां तें पाहिलें, आणि मग दुसऱ्या गियरमध्यें खालीं उतरूं दिलें. घाट उतरेपर्यंत ते बोलले नाहींत. वडकीजवळ सपाटीला लागल्यावर त्यांनीं पुतणीला विचारलें कीं मैलांचा आंकडा किती झाला. तिनें तो सांगितला, आणि घरीं येतांच स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाच्या खालीं, पुढच्या ग्रीसचा आंकडा व त्यापुढें आपलें नांव लिहून ठेवलें.